'लग्न झालंय का?' : एका प्रश्नाची चिकित्सा

स्त्रीरोगाच्या ओपीडीत बाईला बहुतेक वेळा आधी दोन प्रश्न विचारले जातात. "काय त्रास होतोय?" आणि "लग्न झालंय का?" दोन्ही इतके सवयीचे झालेत की त्यांत विचार करण्यासारखं काही आहे असं वाटतही नाही. पण तुम्ही संशोधनाच्या वाटेवर निघाला असाल, पेट-नेटचा अभ्यास किंवा प्रस्ताव लिहिणं चाललं असेल, तर या दोन प्रश्नांकडे मोजमापाची साधनं म्हणून बघा. कुठल्याही साधनाला आपण विचारतो तेच यांनाही विचारायचं : हे नेमकं काय मोजतं, आणि कोणाला मोजायचं सोडून देतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. स्त्रियांच्या लैंगिक आरोग्याबद्दल "बायका बोलत नाहीत, तपासून घ्यायला तयार होत नाहीत" असं डॉक्टर आणि संशोधक दोघंही म्हणतात. हा निष्कर्ष म्हणून सांगितला जातो, पण प्रत्यक्षात तो न तपासलेला अंदाज आहे. आपल्याच महाराष्ट्रात जिथे जिथे तो नीट तपासला गेला, तिथे तो डळमळला.

पहिला प्रश्न घेऊ. "काय त्रास होतोय?"

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तोपर्यंत स्त्रीरोगांची बरीचशी माहिती दवाखान्यात येणाऱ्या पेशंटवरून मिळत होती. म्हणजे जी आली तिचीच नोंद. बंग यांनी दोन गावं घेतली आणि तिथल्या स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, तपासणीला बोलावलं. 650 स्त्रियांची माहिती हाती आली. त्यांतल्या 55 टक्के स्त्रियांनी काही ना काही तक्रार सांगितली, 45 टक्के म्हणाल्या काही त्रास नाही. तपासणीत मात्र 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. आणि याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के.

55 आणि 92 या दोन आकड्यांमध्ये जी फट आहे, तीच "काय त्रास होतोय?" या प्रश्नाची मर्यादा. अंगावरून पांढरं जाणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं लहानपणापासून ऐकलेली बाई त्याला 'त्रास' का म्हणेल? आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरआधीचे बदल तर दुखतही नाहीत. जे टाळायचं आहे ते अजून झालेलंच नाही, मग त्याची तक्रार कुठून येणार? प्रतिबंधाचा विषय या प्रश्नातून निघूच शकत नाही.

आता हा अभ्यासही डोळे मिटून स्वीकारू नका. 92 टक्के हा आकडा भाषणांतून 'भारतीय ग्रामीण स्त्रियांचं प्रमाण' म्हणून फिरतो, पण तो दोन गावांचा आहे. 'आजार' कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली की आकडा बदलतो. पात्र स्त्रियांपैकी साधारण 59 टक्केच तपासणीला आल्या होत्या, तेव्हा न आलेल्या कशा होत्या हा प्रश्नही विचारायलाच हवा. तरी या अभ्यासाचं मोल आकड्यापेक्षा त्याच्या पद्धतीत आहे. भाजक दवाखान्यातून काढून गावात नेला, आणि चित्र बदललं. शिवाय 1980 च्या दशकात गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, आतली तपासणी करायची असूनही, निम्म्याहून जास्त बायका आल्या. 'तयार होत नाहीत' म्हणणाऱ्यांनी हा आकडाही लक्षात ठेवावा.

आता दुसरा प्रश्न. "लग्न झालंय का?"

डॉक्टरला खरं तर जाणून घ्यायचं असतं की या स्त्रीचा शरीरसंबंध आला आहे का. ते थेट विचारणं अवघड, म्हणून लग्नाची आड घ्यायची. संशोधनाच्या भाषेत हा प्रॉक्सी, म्हणजे बदली मापक. बदली मापक वापरण्यात गैर काही नाही, पण तो मूळ गोष्टीशी कितपत जुळतो हे तपासावं लागतं. हा दोन्ही बाजूंनी चुकतो.

उत्तर 'नाही' आलं की गर्भनिरोधन, लैंगिक संसर्ग, गर्भाची शक्यता हे सगळं केसपेपरवरून गायब. नवी मुंबईचाच विचार करा. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या, नेरूळ-खारघरला पीजीत किंवा हॉस्टेलवर राहणाऱ्या किती मुली घरापासून लांब, स्वतःच्या कमाईवर जगतायत. त्यांतली एखादी पाळी चुकली म्हणून आली आणि शेजारी रूममेट किंवा गावाहून आलेली आई बसलेली असेल, तर 'नाही' या उत्तरातून डॉक्टरला नेमकं काय कळलं? फक्त एवढंच, की इथे पुढचं बोलता येणार नाही.

उत्तर 'हो' आलं तरी माहिती मिळाली असं नाही, गृहीतकं मिळाली. जोडीदार एकच, मूल हवंच असेल, संबंध तिच्या मर्जीने येतात. नवऱ्याकडून आलेला संसर्ग किंवा घरातली जबरदस्ती त्या 'हो'मागे झाकली जाते. विधवा, सोडून दिलेली, स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, यांना तर या प्रश्नात जागाच नाही. एचपीव्हीची लस सर्वात जास्त उपयोगी पडते ती पहिला शरीरसंबंध येण्याआधी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतीय बनावटीची लस 2022 साली आणली खरी, पण ज्या दवाखान्यात लैंगिक आरोग्याचं बोलणं लग्नानंतरच सुरू होतं, तिथे तेरा वर्षांच्या मुलीसमोर हा विषय काढणार कोण?

आपण संशोधक यातून सुटलो, असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत (1992-93 आणि 1998-99) मुलाखती घेतल्या त्या कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांच्याच. अविवाहित स्त्रिया आल्या तिसऱ्या फेरीत, 2005-06 मध्ये. म्हणजे त्याआधीचे आकडे 'भारतीय स्त्रियांचे' म्हणून वापरताना दवाखान्यातला तोच प्रश्न आपणही विचारत होतो. त्या मानाने कायदा पुढे सरकला. गर्भपात कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 'पती'ऐवजी 'जोडीदार' हा शब्द आला आणि 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 20 ते 24 आठवड्यांच्या गर्भपाताबाबत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही. केसपेपरवरचा रकाना मात्र आहे तिथेच आहे.

मग वेगळं काही करून बघितलंय का कोणी? बघितलंय, आणि अगदी जवळ. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक तुम्हाला माहीत असेल. ते ज्या टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे, त्याच टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा प्रयोग केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखालचा हा शोधनिबंध 2014 साली आला. 35 ते 64 वयाच्या साधारण दीड लाख स्त्रिया, वस्त्यांचे वीस गट : दहांमध्ये दर दोन वर्षांनी तपासणी, चार फेऱ्या, उरलेल्या दहांमध्ये फक्त आरोग्यशिक्षण. तपासणी साधी होती. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या.

निकाल असा : तपासणीच्या गटांत या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. आणि तपासणीतला सहभाग 89 टक्के! वस्तीतल्या बायका, आतली तपासणी, तीही तक्रार नसताना. घरी जाऊन, त्यांच्या भाषेत, त्यांच्यासारख्याच बाईने समजावून सांगितलं तर बायका येतात. 'बायका तयार होत नाहीत' याला यापेक्षा मोठं उत्तर काय हवं?

हा निबंध वाचताना तीन ठिकाणी थांबा. एक, 31 टक्के ही सापेक्ष घट आहे. प्रत्यक्षात मृत्यूचं प्रमाण वर्षाला लाखामागे 16.2 वरून 11.1 वर आलं. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकच सांगितला तर ऐकणाऱ्याचा समज वेगळा होतो. दोन, नव्या कॅन्सरचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. म्हणजे कॅन्सर टळला असं म्हणता येत नाही. तो लवकर सापडला आणि उपचार झाले. तीन, हा निकाल एकटा वाचू नका. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या 1,31,746 स्त्रियांवरच्या अभ्यासात, जो 2009 साली प्रसिद्ध झाला, हीच व्हिनेगरची तपासणी एकदाच केली तेव्हा मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही. एचपीव्ही चाचणी एकदा केलेल्या गटात मात्र मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणी 'चालते का' असं मोघम विचारलं तर उत्तर मिळत नाही. कुठली, किती वेळा, पुढे उपचार होतात का, असं विचारावं लागतं.

आणि आता अवघड भाग. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतलं दिंडिगल, तिन्ही अभ्यासांत हजारो स्त्रिया तुलनेच्या गटात, तपासणीविना होत्या. पॅप स्मिअर तेव्हा जगात अनेक दशकं जुनी झाली होती. अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी 2014 साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये लिहिलं, की या तीन अभ्यासांच्या तपासणी न झालेल्या गटांत किमान 254 स्त्रिया या कॅन्सरने गेल्या. संमती घेताना त्यांना पुरेशी माहिती दिली होती का, यावरही आक्षेप घेतले गेले. बचाव असा, की या स्त्रियांना एरवीही तपासणी मिळतच नव्हती; भारतातली प्रचलित पद्धत 'काहीही नाही' हीच होती आणि स्वस्त उपाय सिद्ध झाल्याशिवाय सरकार हलणार नव्हतं.

हा बचाव खोटा नाही, पण मला तो पुरेसा वाटत नाही. 'प्रचलित पद्धत' आभाळातून पडलेली नसते. तक्रार असेल तरच बघायचं, लग्न झालं असेल तरच विचारायचं, या सवयींतून ती तयार होते. ती पायाभूत रेषा म्हणून कागदावर मांडली की दुर्लक्षच शास्त्रीय दिसायला लागतं. शिवाय पुरावा मिळाल्यावर सरकार हलेल हे गृहीत धरलं होतं. 2019-21 च्या सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या फक्त 1.9 टक्के. तुलनेच्या गटातल्या बायकांच्या नावाने दिलेलं ते आश्वासन बरंचसं कागदावरच राहिलं.

यात डॉक्टरांना खलनायक करणं सोपं आहे, पण चूक आहे. ओपीडीत एका पेशंटला मिळतात मोजकी मिनिटं, पडदा असला तर असतो. मुलगी अठराच्या आतली निघाली तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक, त्यामुळे न विचारणंच सुरक्षित वाटतं. आणि जे शिकवलंच नाही ते विचारणार कसं? सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांना बलात्कार-पीडितांच्या 'टू फिंगर टेस्ट'विरुद्ध 2010 पासून अहवाल लिहावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने ती चाचणी 2013 मध्ये चुकीची ठरवली, तरी 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासायला सांगावं लागलं. पाठ्यपुस्तकात जे छापलं जातं ते हातात उतरतं, आणि निकालपत्राने हात लगेच बदलत नाहीत.

तर तुम्ही काय कराल? स्वतःची प्रश्नावली समोर घ्या. जिथे 'वैवाहिक स्थिती' लिहिलंय तिथे स्वतःला विचारा, मला खरंच लग्नाबद्दल जाणून घ्यायचंय, की दुसरंच काही विचारायचा संकोच होतोय? दुसरंच असेल तर ते सरळ, सभ्य शब्दांत, एकांतात विचारायची सोय करा. कोण विचारणार, शेजारी कोण बसलेलं असेल, उत्तर कुठे जाणार हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा. गाळलेल्या स्त्रियांचा आकडा तक्त्याखाली बारीक अक्षरात न टाकता मजकुरात आणा. आणि मार्गदर्शक म्हणाले, "अहो, बायका असलं सांगत नाहीत," तर नम्रपणे विचारा, "सर, कोणी विचारून बघितलंय?"