सिद्ध साचा आणि स्वरचित वर्ग

महाविद्यालयीन अध्यापनात सिद्ध ऑनलाइन अभ्यासक्रम-प्रणालींचा स्वीकार ही केवळ सोयीची बाब मानली जाते. परंतु अशा प्रणालीत अध्यापनाची एक विशिष्ट कल्पना अनुस्यूत असते. पाठ, स्वाध्याय, चाचणी आणि गुण ह्यांच्या चौकटी आधीच आखलेल्या असतात. शिक्षकाने त्या भरावयाच्या एवढेच. काव्याचा आस्वाद आणि लेखापालनाचे गणित ह्यांच्या वाट्यास एकच साचा येतो. सत्र संपले की वर्ग मिटतो आणि त्याबरोबर विद्यार्थ्यांचे लेखनही बहुधा दृष्टीआड होते.

ह्या साचेबंदपणास विरोध म्हणून २००८ मध्ये अमेरिकेत जिम ग्रूम ह्यांनी 'एड्युपंक' ही संज्ञा योजिली. ते ज्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात काम करीत, तेथे वर्डप्रेस ह्या मुक्त साधनावर वर्ग उभारण्याचा प्रयोग तत्पूर्वीच सुरू झाला होता. आपले साधन आपणच जुळवावे, हे ह्या विचाराचे मर्म. साधन जुळविताना शिक्षकास अध्यापनाचा हेतू नव्याने तपासावा लागतो, हेच त्याचे खरे बळ होय.

तथापि त्याची मर्यादाही दृष्टीआड करता येत नाही. स्वरचित वर्ग बहुधा एका व्यक्तीच्या उत्साहावर उभा असतो. ती व्यक्ती गेली की तो मोडतो. उलट, २००२ पासून उपलब्ध असलेली मूडल ही प्रणाली मुक्त असूनही चौकटीवाचून नाही. तेव्हा दोष केवळ चौकटीचा नव्हे.

नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. स्वयं-अध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे ह्यांवर त्याची उभारणी झाली. इंदिरानगरमधील नोकरदार आणि सुरगाण्यातील शेतकरी ह्यांच्या हाती एकच पुस्तक पडणे, ही एकरूपता जाचक नसून समतेची आहे. मात्र त्या पुस्तकाचा आराखडा अध्यापनाचा विचार करणाऱ्यांनी आखावयाचा असतो, साधनाच्या विक्रेत्याने नव्हे.

सारांश, साचा असावा की नसावा, हा प्रश्न गौण आहे. तो कोणी घडविला आणि कोणास बदलता येतो, हा प्रश्न मुख्य होय. एकट्या शिक्षकाची हौस आणि विक्रेत्याची सिद्ध वस्तू ह्यांच्या मधली जागा विभागाची आहे. साधन विभागाने सामुदायिकरीत्या घडवावे, त्याची नोंद ठेवावी आणि विद्यार्थ्याचे लेखन विद्यार्थ्याच्याच स्वाधीन करावे. एवढे झाले नाही, तर स्वातंत्र्याच्या नावाखाली केवळ एका साच्याऐवजी दुसरा साचा येईल.