मात्रांना श्वास घेता यावा म्हणून

मराठी संकेतस्थळांवरची मोकळी जागा अजूनही रोमन लिपीच्या मापाने बेतली जाते. साचा इंग्रजी मजकुरावर तयार होतो आणि शेवटच्या आठवड्यात त्यात मराठी भरली जाते. मोठ्या इंग्रजी मथळ्याला ओळीची उंची अक्षराच्या 1.1 पट ठेवली तरी चालते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार, उभी जोडाक्षरं. तेच माप इथे लावलं की वरच्या ओळीतला ‘द्भु’ खालच्या ओळीतल्या ‘र्की’वर आदळतो. ठरावीक उंचीच्या बटणांत तर वेलांट्यांचे माथेच कापले जातात. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची इंग्रजी हौस त्याहून घातक, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

साधनांची सबब आता उरलेली नाही. वेबच्या सुरुवातीच्या काळात तक्त्यांच्या चौकटीत एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून अंतर राखावं लागे. 1996 साली पानाची मांडणी ठरवणारी सीएसएस ही भाषा आली, 2017 पासून प्रमुख ब्राउझरांत तिची ग्रिड ही सोय आली आणि हवं तिथे हवं तेवढं अंतर देणं सोपं झालं. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’सारखा देवनागरी फॉन्ट मोफत मिळतो. कमी पडते ती नजर.

जवळ असलेल्या गोष्टी डोळा एकत्र धरतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी 1923 मध्येच मांडलं होतं. म्हणून उपमथळ्याच्या वर जास्त आणि खाली कमी जागा हवी, म्हणजे तो पुढच्या परिच्छेदाचा वाटतो. कितीतरी बातम्यांच्या पानांवर दोन्हीकडे सारखंच अंतर असतं आणि उपमथळा कुणाचाच राहत नाही. चित्राखालची ओळही अशीच, चित्रापेक्षा पुढच्या मजकुराला चिकटलेली.

जाहिरातींचा त्रास याहून मोठा आहे. वाचता वाचता जाहिरात उगवते आणि चालू ओळ खाली ढकलली जाते. जाहिरात हवीच असेल तर तिची जागा पान उघडतानाच राखून ठेवावी, तेवढा वेळ ती कोरी दिसली तरी चालेल. गूगलने 2020 मध्ये पानाच्या गुणवत्तेच्या निकषांत ही हालचाल धरली आणि 0.1 पर्यंतचा गुणांक चांगला ठरवला. वाचकाचा मान राखणारा हा निकष आहे, असं मला वाटतं.

दुसरं टोकही आहे. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी 2023 मध्ये नवी मांडणी आणली, मजकुराची रुंदी आवरली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पट्ट्यांवर अनेक संपादक नाराज झाले. सलग वाचनासाठी मी त्या मांडणीच्या बाजूने आहे. ओळ फार लांब झाली की पुढची ओळ सापडत नाही. पण एसटीचं वेळापत्रक किंवा सातबारा असा पसरला तर तो वापरण्याजोगा राहणार नाही. तिथे वाचक दोन रकाने ताडून पाहत असतो, आणि ते एका नजरेत मावले पाहिजेत. मोबाइलवर तर प्रत्येक वाढीव मोकळी पट्टी म्हणजे बोटाला आणखी एक फेरी.

ओळ किती लांब असावी, याचा हिशेबही उसना आहे. इंग्रजीत 45 ते 75 वर्णांची ओळ सोयीची मानतात. पण ‘राष्ट्रीय’ या शब्दात संगणक नऊ चिन्हं मोजतो आणि डोळा तीन अक्षरं वाचतो. तेव्हा तो आकडा मराठीला जसाच्या तसा लागू होत नाही. आराखडा पहिल्या दिवसापासून खऱ्या मराठी मजकुरावर तपासावा, आणि त्या मजकुरात ‘कर्तृत्व’, ‘अद्भुत’, ‘मूर्ती’, ‘वैशिष्ट्यं’ असे वरखाली पसरणारे शब्द मुद्दाम असावेत. ओळीची उंची 1.6 पटीपासून सुरू करून फॉन्ट बदलेल तशी कमीजास्त करावी, मथळ्यांनाही 1.3 च्या खाली नेताना मजकूर पुन्हा डोळ्यांखालून घालावा.