अग्रक्रमाचा हिशेब आणि सरासरीचा पडदा

स्थानिक संगणक जाळ्यात तातडीच्या संदेशाला आधी वाट दिली की जाळे ‘सुधारते’, असे सांगणारी गणिती प्रारूपे पुष्कळ आहेत. त्यांतील गणित बहुधा बरोबरच असते. आमचा आक्षेप आहे तो आलेखात काय काढले जाते आणि काय गाळले जाते, याबद्दल.

आयबीएमने १९८५ साली आणलेले टोकन रिंग घ्या. वर्तुळात जोडलेल्या संगणकांमधून टोकन फिरते. ज्याच्या हाती टोकन, तो बोलणार. टोकनात अग्रक्रमासाठी ३ बिट, म्हणजे ० ते ७ अशा ८ पायऱ्या. आणखी ३ बिटांत पुढचा नंबर लावून ठेवता येतो. ज्याने टोकनची पायरी चढवली त्यानेच ती उतरवायची, हे कलम आम्हाला फार आवडते. व्यवहारात असे क्वचितच घडते!

आता फळ्यावर एक हिशेब करू. प्रत्येक संदेशाला १ मिलिसेकंद लागतो, सुरू झालेला संदेश मध्येच तोडायचा नाही, संदेश यादृच्छिक रीतीने येतात आणि जाळे ८० टक्के वेळ व्यापलेले आहे. टोकन फिरण्यात जाणारा वेळ तूर्त सोडून देऊ. अग्रक्रम नसताना सरासरी प्रतीक्षा २ मिलिसेकंद. पाव संदेशांना अग्रक्रम दिला, तर त्यांची प्रतीक्षा ०.५ होते आणि उरलेल्यांची २.५. ‘चौपट सुधारणा’ म्हणून मिरवतो तो पहिला आकडा. आता पाऊण संदेशांना अग्रक्रम देऊन पाहा: त्यांना १, उरलेल्यांना ५. सगळ्यांची सरासरी मात्र दोन्ही वेळा २ च! लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये मांडलेला अक्षय्यतेचा नियम तो हाच. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यातून जातो. प्रत्यक्ष रिंगमध्ये टोकनच्या फेऱ्यांचा खर्च वर पडतो, तो वेगळाच.

दुसरी अडचण ‘यादृच्छिक’ या शब्दात आहे. बेलकोर प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ या काळात इथरनेटवरील वाहतूक मोजली गेली. लेलँड व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की संदेश लोंढ्यांनी येतात, आणि मोजण्याचा काळ सेकंदांवरून मिनिटांवर नेला तरी हे लोंढे सपाट होत नाहीत. लोंढा वरच्या पायरीचा असेल तर खालचे किती खोळंबतील, हे सरासरीवर बेतलेले जुने सूत्र सांगू शकत नाही.

टोकन रिंग आता वापरातून गेले. पण इथरनेटच्या अग्रक्रमासाठीही ३ बिट आणि ८ पायऱ्याच आहेत, म्हणून प्रश्न शिळा झालेला नाही. वरच्याच उदाहरणात अग्रक्रमाची वाहतूक तेवढीच ठेवून खालची वाढवा, एकूण भार ९५ टक्के होऊ द्या. वरच्यांची प्रतीक्षा ०.५ वरून जेमतेम ०.६ होते, खालच्यांची २.५ वरून जवळजवळ १२. पहिलाच आलेख छापला, तर जाळे तुंबले आहे याचा वाचकाला पत्ताही लागत नाही.