पाठ्यपुस्तकांची पारख

आमच्या मासिकांतून ग्रंथपरीक्षणास जागेची वाण सहसा पडत नाहीं. एखाद्या नवकवीचा चाळीस पानांचा संग्रह निघाला, आणि त्याच्या पांचशें प्रती खपावयास पांच वर्षें लागणार असलीं, तरी त्यावर चार टीकाकार चार महिने झुंजतात. परंतु जें पुस्तक दर जून महिन्यांत महाराष्ट्रांतील वाड्यावस्त्यांपर्यंत पोंचतें, ज्याच्या प्रतींची मोजदाद लाखांनींच करावी लागते, आणि जें कित्येक घरांत शिरलेलें पहिलें व कधीं कधीं एकमेव पुस्तक असतें, त्या चौथीच्या किंवा पांचवीच्या मराठी वाचनपुस्तकाचें परीक्षण अशा मासिकांत वाचल्याचें मला स्मरत नाहीं. तीस वर्षें साहित्य शिकवून मींही तें कधीं केलेलें नाहीं. या उणिवेची जाणीव मला झाली ती पुण्यांतील कोणत्या परिसंवादांत नव्हे; ती झाली कुरकुंभास.

पुणें-सोलापूर रस्त्याला दौंडाहून बारामतीस जाणारी वाट जेथें छेदते तेथें हें गांव आहे. पूर्वीं तें फिरंगाई देवीच्या देवळामुळें ठाऊक होतें. आतां औद्योगिक वसाहतींतील रासायनिक कारखान्यांमुळें अधिक ठाऊक आहे. माझे एक जुने विद्यार्थी त्या बाजूस जिल्हा परिषदेच्या शाळेंत गुरुजी आहेत. गेल्या हिवाळ्यांत सोलापूरहून परततांना एका शनिवारीं त्यांच्याकडे उतरलों. बोलतां बोलतां त्यांनीं कपाटांतून मराठीच्या वाचनपुस्तकाची एक जीर्ण प्रत काढली. तिचे समास पेन्सिलीच्या बारीक अक्षरांनीं भरून गेले होते. एका पाठाशेजारीं "येथें मुलें आपण होऊन हसलीं" असें टिपलेलें, दुसऱ्याशेजारीं "तीन वर्षें शिकवला, तिन्ही वर्षें वर्ग पेंगला." एका कवितेंतील 'परसू' या शब्दाभोंवतीं वर्तुळ काढून खालीं एका मुलाचा प्रश्न लिहून ठेवला होता : "खोलीला परसू असतो का?" त्या वर्गांतील निम्मीं मुलें कारखान्यांच्या आधारानें येऊन राहिलेल्या कुटुंबांचीं, एकेका खोलींत वाढणारीं, कांहींच्या घरीं हिंदी, कांहींच्या घरीं भोजपुरी. उरलेलीं शेतकऱ्यांचीं व मेंढपाळांचीं. मीं बराच वेळ ती प्रत चाळीत बसलों. छापील ग्रंथावर इतकी प्रामाणिक टीका मीं पुष्कळ दिवसांत वाचली नव्हती.

"हें तुम्हीं कोणास दाखवलें आहे का?" मीं विचारलें.

"कोणास दाखवायचें, सर?" ते म्हणाले. त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. त्यांना खरोखरच पत्ता हवा होता.

मराठी शाळेंत कोणतें पुस्तक चालावें हें कोणीं ठरवावें, या प्रश्नाचें उत्तर गेल्या दोनशें वर्षांत अनेकदां बदललें आहे. १८२२ सालीं मुंबईंत शाळापुस्तक मंडळी निघाली तेव्हां निवडावयास पुस्तकेंच नव्हतीं. तीं लिहवून घ्यावीं लागलीं. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसापनीति' हीं पुस्तकें त्या काळच्या उद्योगाचीं फळें होत. पुढें १८५५ सालीं सरकारी विद्याखातें स्थापन झालें, आणि मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थाची लेखणी मराठी शालेय पुस्तकांवरून फिरूं लागली. परक्यानें आमच्या मुलांचें मराठी शुद्ध करावें याचा विषाद पुष्कळांस वाटे, व तो रास्तही होता. तथापि आज आपण ज्या स्वल्पविरामांवर इतके उदार झालों आहों, त्यांचा प्रसार मराठींत करण्याचें श्रेय त्याच गृहस्थास द्यावें लागतें. असो.

त्यानंतरच्या खाजगी वाचनमालांच्या काळांत खात्यानें पुस्तकें तपासून मंजूर करावीं व मंजूर मालांपैकीं एक शाळांनीं लावावी, अशी रीत पडली. याच रीतींत प्रल्हाद केशव अत्रे यांची 'नवयुग वाचनमाला' पुढें आली. अत्रे हे पुढें नाटककार व संपादक म्हणून गाजले, म्हणून ते मूळचे शिक्षक होते हें आपण विसरतों. पुण्याच्या कँपांतील शाळेचे ते मुख्याध्यापक होते, आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठीं लंडनला जाऊन आले होते. वर्गांत काय टिकतें व काय पेंगतें हें त्यांना कुरकुंभच्या गुरुजींइतकेंच प्रत्यक्ष ठाऊक होतें. त्यांनीं मुलांच्या हातीं उपदेशाचा काढा न देतां जिवंत गद्य व आपल्या काळचे कवि दिले. माझे वडील ती माला वाचून मोठे झाले. म्हातारपणीं त्यांना सकाळीं काय जेवलों तें आठवत नसे, परंतु तींतील कविता मात्र पाठ होत्या. आणि ही माला रुजली याचें एक कारण असें कीं, दुसऱ्या मालांशीं तिला झगडावें लागलें. जुनें नीरस पुस्तक बाजूला सारून हें घ्यावें, असें म्हणण्याची सोय कोणास तरी होती.

या पद्धतीची काळी बाजू झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मंजुरी म्हणजे पैसा. आणि जेथें एका शिक्क्यानें हजारों प्रती खपतात तेथें शिक्क्याभोंवतीं गर्दी जमणारच. पुस्तकें महाग, छपाई कशीतरी, जून उजाडला तरी पेठेंत पत्ता नाहीं, हें रडगाणें सर्व प्रांतांत होतें. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगानें (१९६४-६६) म्हणूनच पुस्तकनिर्मितीचें काम राज्यांनीं अंगावर घ्यावें असें सुचविलें, आणि २७ जानेवारी १९६७ रोजीं पुण्यास महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपणा सर्वांची बालभारती, स्थापन झाली.

परंतु त्याच आयोगाच्या अहवालांत आणखी एक शिफारस आहे, आणि तिचा उच्चार आपल्याकडे क्वचितच होतो. एका विषयाला एका इयत्तेंत एकच पुस्तक असण्यानें कांहीं साधत नाहीं. निदान तीन-चार असावींत, आणि आपल्या शाळेस मानवेल तें निवडण्याची मोकळीक शिक्षकाला असावी, असें आयोगानें स्पष्ट म्हटलें होतें. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांतील बहिरेवाडीचे. खेड्यांतील शाळा त्यांनीं दुर्बिणींतून पाहिलेली नव्हती. आपण त्या अहवालांतील अर्धें वाक्य घेतलें व अर्धें सोडलें.

बालभारतीविषयीं मी कृतज्ञतेनेंच बोलेन. मी स्वतः तिचा विद्यार्थी. विषयतज्ज्ञांच्या व शिक्षकांच्या समित्या बसतात, मजकुरावर चर्चा होते, चित्रकार शोधले जातात. पुस्तक स्वस्त निघतें व आठवीपर्यंतच्या सरकारी शाळांतील मुलांस तें फुकट मिळतें. मराठीखेरीज उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड अशा भाषांतूनही तें निघतें. १९७१ पासून चाललेलें 'किशोर' मासिक हीही तिचीच देणगी. गडचिरोलीच्या व सिंधुदुर्गाच्या माणसानें आगगाडींत भेटून एकच कविता अर्धी अर्धी म्हणावी, हा योग एका पुस्तकामुळेंच येतो. मात्र या आठवणींच्या गोडव्याला आपण परीक्षण समजूं लागलों आहों. बालपणीं वाचलेलें सर्वच चांगलें वाटतें. माझ्या आजीला तर धुळाक्षरेंही गोड वाटत.

एकच पुस्तक असलें म्हणजे त्याची चर्चा होते ती केवळ वाद पेटल्यावर, आणि तीही एखाद्या पानापुरती. २०१९ सालीं दुसरीच्या गणितांत 'त्रेसष्ट' यांस 'साठ तीन' असेंही वाचावें हा प्रयोग आला, तेव्हां विधिमंडळापासून वर्तमानपत्रांच्या विनोदापर्यंत सारें गाजलें. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनीं त्यामागचें कारण शांतपणें सांगितलें : जोडनांवांचा उलटा क्रम लहान मुलांस अडतो. कारण विचार करण्यासारखें होतें. थट्टाच अधिक झाली. जर दोन पुस्तकें असतीं, एकांत 'साठ तीन' व दुसऱ्यांत 'त्रेसष्ट', तर दोन वर्षांत शिक्षकांनींच निकाल दिला असता आणि कोणास आवाज चढवावा लागला नसता. पुढें २०२३ मध्यें दप्तराचें ओझें हलकें व्हावें म्हणून पाठ्यपुस्तकांतच वहीसारखीं कोरीं पानें घालण्यांत आलीं, आणि २०२५ मध्यें ती योजना मागें घेण्यांत आली. पानें आदेशानें आलीं, आदेशानेंच गेलीं.

कोऱ्या पानांवरून मला अमेरिकेंतील एक हकीकत आठवते. तेथें कांहीं राज्यांत राज्याचें मंडळ पुस्तकांची यादी करतें, तर कांहींत प्रत्येक शाळा-जिल्ह्याचें निवडून आलेलें मंडळ स्वतः निवड करतें. नोबेल पारितोषिकाचे मानकरी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या अशा एका समितीवर होते, व त्यांनीं आपला अनुभव पुढें १९८५ च्या आत्मकथनपर पुस्तकांत सांगितला आहे. गणिताचीं सारीं पुस्तकें त्यांनीं घरीं आणून वाचून काढलीं. बैठकींत तीन भागांच्या एका मालेच्या तिसऱ्या भागाविषयीं त्यांचें मत विचारण्यांत आलें. तो भाग आपणांस मिळालाच नाहीं, असें ते म्हणाले. मग खुलासा झाला कीं तो तयारच झाला नव्हता. प्रकाशकानें नुसतीं मुखपृष्ठें लावून आंत कोरीं पानें घालून पाठविलीं होतीं. आणि त्या कोऱ्या पुस्तकास कांहीं परीक्षकांनीं गुण दिले होते. पहिल्या दोन भागांहून किंचित् अधिकच!

हसण्यापूर्वीं मला एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर मी होतों. (त्याचें नांव सांगत नाहीं, दोष माझा आहे.) दुपारचे साडेचार झाले होते, चहा आला होता, आणि प्रथम वर्षासाठीं तीन संपादित संग्रहांतून एक घ्यावयाचा होता. मीं एक वाचला होता, दुसरा चाळला होता, तिसऱ्याची अनुक्रमणिका पाहिली होती. मत दिलें तिसऱ्यास, कारण त्याचे संपादक माझ्या आदराचे गृहस्थ होते. तो संग्रह मला पुढें तीन वर्षें शिकवावा लागला. त्याच्या मधल्या शंभर पानांत एकही ओळ मुलांच्या ओठीं राहील अशी नव्हती. फाइनमननें हसावयाचें ठेवलेले सभासद अमेरिकेंतच असतात असें नाहीं.

तेव्हां 'निवड द्या म्हणजे झालें' असें मी म्हणत नाहीं. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनियाच्या कनाव्हा परगण्यांत १९७४ सालीं मंडळानें घेतलेल्या भाषेच्या पुस्तकांवरून पालकांनीं मुलें घरीं ठेवलीं आणि प्रकरण शाळांवर बाँब टाकण्यापर्यंत गेलें. इतकें लांब तरी कशास जावें? आपल्याकडील अनेक खाजगी इंग्रजी शाळांत निवड आहेच. परंतु ती करतात चालक. वर्गांत तें पुस्तक घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईंना कोणी विचारीत नाहीं, आणि पालकाला विचारण्यांत येतें तें पैसे रोख देणार कीं कसें एवढेंच. पुस्तक निवडण्याचा अधिकार त्यालाच असावा ज्यानें तें वाचलें आहे, आणि शक्य तर मुलांसमोर उभें राहून वाचलें आहे.

माझें मागणें त्यामानानें लहान आहे. बालभारतीनें छपाई, किंमत व वितरण आपल्या हातीं ठेवावें; पण भाषेच्या विषयापुरतीं तरी प्रत्येक इयत्तेस दोन-तीन वाचनपुस्तकें निरनिराळ्या संपादकांकडून करवून घ्यावीं, आणि शाळेनें त्यांतून एक मागवावें. खर्च वाढेल हें खरें. परंतु गणिताचा नियम सर्व राज्यांत एक असतो, 'परसू' सर्व राज्यांत नसतो. आणि दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. मासिकांनीं या पुस्तकांचें परीक्षण करावें, आणि तें आपण कादंबरीचें करतों त्याच कठोरपणानें.

कठोरपणा कशांत, हेंही सांगतों. वाचनपुस्तक हा संग्रह आहे. म्हणून पहिला प्रश्न वेंच्याचा. लेखकाच्या चौदा पानांतून तीन पानें कापतांना त्याचा जीव कोठें होता तें संपादकास कळलें होतें का? कीं ज्या ओळींतून एखादें 'मूल्य' काढतां येतें तेवढ्या राखल्या, आणि ज्यांतून नुसता आनंद मिळतो त्या गाळल्या? कित्येक चांगले पाठ स्वाध्यायाच्या ओझ्यानें मरतात; गोष्ट संपतांच मुलास विचारतात, तूं यांतून काय शिकलास? मोठ्यांना कोणी असें विचारूं लागला तर कादंबऱ्यांचा खप थांबेल. दुसरा प्रश्न बोलीचा. बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ सालीं ग्रंथरूपानें निघाल्या त्या अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, आणि पुढें त्या शाळेच्या पुस्तकांत येऊन सर्वांच्या झाल्या. खानदेशी बोलीनें कोणा मुलाचें मराठी बिघडलें नाहीं. जो कान वाचनमाला घडवीत होता त्याच कानानें ती वाणी ओळखली, हा योगायोग मला वाटत नाहीं. दौंडकडच्या मुलाची बोली, किंवा त्याच्या शेजारीं बसलेल्या भोजपुरी मुलाच्या तोंडचें तोडकें-मोडकें मराठी, यांस पुस्तकांत कोठें जागा मिळाली आहे का, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें अनुक्रमणिकेवर थांबून चालणार नाहीं.

निघतांना मीं गुरुजींकडे ती प्रत मागितली. या मासिकासाठीं तिच्या आधारें एक सविस्तर परीक्षण लिहावें, त्यांच्या टिपणांसह, असा विचार होता. त्यांनीं पानांचीं छायाचित्रें घेऊं दिलीं. मींही दोन तास बसून एकूण एक पान टिपून घेतलें. प्रत मात्र त्यांनीं पुन्हां कपाटांत ठेवली. सोमवारीं नववा पाठ घ्यावयाचा होता, आणि तो गेल्या खेपेस कोठें अडला होता हें त्या समासांतच लिहिलेलें होतें.