हायपरपॉप: गोंगाट उरला, मोकळी जागा गेली

'१०० गेक्स' या अमेरिकी जोडीचं २०१९मधलं 'मनी मशीन' हे गाणं दोन मिनिटांच्या आत आटोपतं. सुरुवातीला जोडीतली लॉरा लेस गात नाहीच, समोरच्याचा उद्धार करत सरळ भांडते. मग ऑटोट्यूनमधून निघालेला चिरका, पोरसवदा आवाज सुरू होतो. चाल एकदम गोड, पहिल्याच फेरीत तोंडात बसणारी. खाली मात्र स्पीकर फाटल्यासारखा बेस, आणि शेवटी सगळं गोंगाटात कोसळतं. हा राग आहे, टवाळी आहे की निव्वळ मस्ती, हे ठरवायला उसंतच मिळत नाही. हायपरपॉपची झिंग याच गोंधळात आहे.

ती नुसत्या वेगाची किंवा दणदणाटाची असती, तर मिरवणुकीतल्या डीजेवर वाढलेल्या आपल्या कानांना त्यात नवल वाटलं नसतं. सोफी या ब्रिटिश निर्मात्या कलावंताचं २०१३मधलं 'बिप' ऐका. सोफी तयार नमुने उचलण्यापेक्षा सिंथेसायझरवर आवाज मुळापासून घडवत: रबर ताणल्याचा, पत्रा वाजल्याचा, बुडबुडा फुटल्याचा. या आवाजांच्या मध्ये सोडलेल्या रिकाम्या जागेत पुढचा ठोका कधी पडेल याची हुरहूर असते, आणि पाय तिथेच हलू लागतात. गायिका चार्ली एक्ससीएक्ससाठी सोफी यांनी केलेल्या 'व्रूम व्रूम'मध्ये (२०१६) गुरगुरणाऱ्या तालावर फणकाऱ्यानं म्हटलेल्या ओळी मध्येच थांबतात, एक मधाळ तुकडा येतो आणि पुन्हा धडक बसते.

ए. जी. कुक यांनी २०१३मध्ये लंडनमध्ये याच धाटणीच्या संगीताचं 'पीसी म्युझिक' हे लेबल सुरू केलं तेव्हा हा पॉपचा उपहास आहे, असं अनेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. युरोडान्स, ट्रान्स, जिंगल असल्या नाकं मुरडलेल्या गोष्टींवर इतकी मेहनत कुणी टिंगलीसाठी घेत नाही. आपला आवाज चढवण्यामागे ट्रान्सजेंडर स्त्री म्हणून त्याविषयी वाटणारी अस्वस्थता होती, असं लॉरा लेसनं सांगितलं आहे. अशा आवाजाला कृत्रिम म्हणून मोडीत काढणं मला तरी पटत नाही.

२०१९मध्ये स्पॉटिफायनं 'हायपरपॉप' नावाची प्लेलिस्ट काढली आणि प्रयोगाचा साचा झाला. पुढच्या वर्षी टाळेबंदीत घरी अडकलेल्या किशोरवयीन पोरांनी लॅपटॉपवर असंख्य गाणी केली. त्यातल्या ग्लेव्हसारख्या काहींकडे स्वतःचं दुःख होतं. बाकीच्यांनी चिरका गळा आणि फाटका बेस उचलला, रिकामी जागा तेवढी वगळली. सतत किंचाळणारं गाणं अर्ध्या मिनिटात सपाट होतं.

सोफी २०२१च्या जानेवारीत गेल्या. २०२३नंतर नवं काही प्रकाशित न करण्याचं 'पीसी म्युझिक'नं ठरवलं. कुक यांचा मोठा हात असलेल्या चार्लीच्या 'ब्रॅट' या अल्बमनं (२०२४) पुढे तीन ग्रॅमी मिळवले. त्यात या घराण्याचं वळण आहे, पण काठ बऱ्यापैकी घासून गुळगुळीत केलेले.

नव्यानं ऐकणाऱ्यांनी प्लेलिस्टच्या नादी न लागता सोफी यांच्या 'प्रॉडक्ट' या संग्रहापासून (२०१५) सुरुवात करावी. आणि हेडफोन लावूनच. फोनच्या स्पीकरवर यातला खर्ज ऐकूच येत नाही.