मरीयेचे रडणे आणि फारोचे सैन्य

दलित साहित्यावर प्रस्थापित समीक्षेने घेतलेल्या आक्षेपांपैकी एक अजून पुरता मेलेला नाही. हे साहित्य म्हणजे रडगाणे आहे, असा तो आक्षेप. दुसऱ्या बाजूला आपल्यातलेच काही कार्यकर्ते लोकगीताकडे संशयाने पाहतात. ज्या गाण्यात देवाचे नाव आहे त्यात विद्रोह कुठून येणार, असे ते विचारतात. या दोन्ही भूमिका अमेरिकेतील काळ्या माणसांच्या एका गाण्यावर तपासून पाहाव्यात असे मला वाटते. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तेव्हापासून हे नाते आहे. पुढे म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांच्या लेखनाने काळ्यांचे साहित्य मराठी वाचकाच्या जवळ आणले. परंतु आपण त्यांच्या कविता-कादंबऱ्या वाचल्या, गाणी फारशी ऐकली नाहीत.

'ओ मेरी, डोन्ट यू वीप' हे ते गाणे. मराठी बायबलातील नाव घेऊन सांगायचे तर मरीयेला रडू नकोस म्हणणारे. ते गुलामगिरीच्या काळातले आहे आणि त्याचा कर्ता अज्ञात आहे. त्यात बायबलातील दोन कथा एकमेकींना जोडल्या आहेत. लाजर मेला म्हणून त्याची बहीण मरीया रडते, ही एक. मोशेने इस्राएलांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढले आणि पाठलाग करणारे फारोचे सैन्य समुद्रात बुडाले, ही दुसरी. या दोन कथांमध्ये शेकडो वर्षांचे अंतर आहे. मग भावाच्या मरणाने रडणाऱ्या बाईला फारोचे सैन्य बुडाल्याचा दाखला का द्यावा? याचे उत्तर धर्मशास्त्रात शोधून उपयोग नाही. ते गुलामाच्या जगण्यात आहे. जिचा भाऊ बाजारात विकला गेला तिला नुसते 'रडू नकोस' म्हणून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. मालकाचे सैन्य पूर्वी एकदा बुडाले आहे, हा तो पुरावा. आणि फारो म्हणजे कोण हे मळ्याच्या मालकाच्या लक्षात आले तरी तो काय करणार? शब्द तर त्याच्याच पवित्र ग्रंथातले होते. तेव्हा हे रडगाणे नव्हे. रडणे थांबवण्यासाठी केलेला हा युक्तिवाद आहे.

या गाण्याची अनेक ध्वनिमुद्रणे झाली. त्यांतील पहिले १९१५ सालचे, फिस्क ज्युबिली सिंगर्स या संचाचे. नॅशव्हिलचे फिस्क हे गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८६६ साली सुरू झालेले विद्यालय. ते पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात आले तेव्हा १८७१ साली तेथील विद्यार्थी गाणी घेऊन बाहेर पडले. त्यांतले बहुतेक स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. त्यांनी जमवलेल्या पैशातून ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. या संचाची गायकी गोऱ्यांच्या सभागृहाला मानवेल अशी घासूनपुसून घेतलेली आहे, अशी टीका होते. टीका खरी आहे. पण ज्यांच्या घरात आधीच्या पिढीपर्यंत पुस्तक नव्हते, फक्त गाणे होते, अशा आपण लोकांनी तरी गाण्याच्या बळावर शाळा वाचवणाऱ्यांकडे पाहून नाक मुरडू नये.

१९५९ साली स्वान सिल्व्हरटोन्स या संचाने हेच गाणे मुद्रित केले. संचाचा मुख्य गायक क्लॉड जीटर हा पूर्वी वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणीत कामगार होता. गाताना त्याने उंच, कोवळ्या आवाजात स्वतःची एक ओळ मध्येच घातली. तिच्यावरून पॉल सायमन या गोऱ्या गीतकाराला 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' सुचले. ते १९७० साली जगभर गाजले. सायमनने हे ऋण उघडपणे मान्य केले आहे. आता 'मूळ संहिता' शोधणाऱ्या पंडितांना विचारावे, की जीटरची ही ओळ मूळ की प्रक्षिप्त? प्रक्षिप्त म्हणून ती गाळली तर खाणकामगारच गाळला जातो.

१९७२ च्या जानेवारीत अरेथा फ्रँकलिनने हे गाणे लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील चर्चमध्ये गायले. तिने फारोपेक्षा लाजरची कथा विस्ताराने सांगितली, आणि मेलेल्या लाजरला हाक मारण्याचा प्रसंग पुन्हा पुन्हा नाव घेऊन उभा केला. याच वॉट्समध्ये १९६५ च्या उठावात ३४ माणसे मेली होती. अशा वस्तीत मेलेल्या भावाचे नाव घेऊन ऊठ म्हणणे हा केवळ धार्मिक प्रसंग राहत नाही.

परंतु या गाण्याची खरी कसोटी लागली ती १९६२ साली, इलिनॉय राज्यातील केरो या गावी. ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांच्या संगमावरचे हे गाव. त्याचे नाव मिसरच्या राजधानीवरून ठेवलेले, आणि त्या सगळ्या भागालाही लोक मिसरच म्हणत. या मिसरात पोहण्याचा तलाव काळ्यांना बंद होता. विद्यार्थ्यांच्या 'स्निक' या संघटनेने त्याविरुद्ध लढा दिला. तलावाबाहेर गुडघे टेकून बसलेल्या कार्यकर्त्यांचे छायाचित्र पुढे संघटनेच्या भित्तिपत्रकावर आले. त्या लढ्यातील चार्ल्स नेब्लेट याने आपल्या गाण्याची चाल तीच जुनी ठेवली आणि शब्द बदलले. मोशे गेला, फारो गेला. आता बसच्या मागच्या बाकाऐवजी पुढचा बाक आला, नदीऐवजी तलाव आला.

महाडच्या चवदार तळ्याची आठवण झाल्यावाचून मराठी वाचक हे वाचू शकणार नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्याली. तेथे कोणत्याही देवाने पाणी दुभंगले नाही. याच जागी या जुन्या गाण्याची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यात सैन्य बुडते ते देवाच्या हाताने. पीडित माणूस काठावर उभा राहून पाहतो. आंबेडकरी विचाराला हे मान्य होणार नाही. नेब्लेटच्या शब्दांत मात्र माणूस स्वतः पाण्यात उतरतो. प्रतीक्षेचे गाणे कृतीचे झाले. पण एक गोष्ट विसरू नये. ज्यांनी शंभर वर्षे प्रतीक्षेचे गाणे जिवंत ठेवले त्यांच्यामुळेच केरोच्या पोरांना चाल तयार मिळाली.

उलट बाजूही पाहावी. २००६ साली ब्रूस स्प्रिंगस्टीन या गोऱ्या गायकाने हे गाणे मुद्रित केले आणि त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्सच्या संगीत महोत्सवात गायले. आदल्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळात तेथील बांध फुटले होते. त्या पुरात फारो बुडाला नाही, गरीब काळ्यांच्या वस्त्या बुडाल्या. गायकाची सहानुभूती प्रामाणिक होती, याविषयी मला शंका नाही. पण ज्या शहरात पाण्याने मालकाची बाजू घेतली, तेथे फारोच्या बुडण्याचा आनंद कोणाला पुरणार? गाण्यात नोहाच्या इंद्रधनुष्याचेही एक कडवे येते. पुढच्या खेपेला पाणी नाही, आग, असा त्याचा इशारा. जेम्स बाल्डविनने १९६३ सालच्या आपल्या पुस्तकाचे 'द फायर नेक्स्ट टाइम' हे नाव तेथूनच घेतले. सांत्वनाच्या गाण्यातून त्याने नेमका इशारा उचलला.

या सर्वांवरून मी एकच निष्कर्ष काढतो. लोकगीताचा विद्रोह त्याच्या शब्दांत कायमचा साठवलेला नसतो. कोण गातो, कोठे उभा राहून गातो, कोणते कडवे ठेवतो आणि कोणते सोडतो, यावर तो ठरतो. म्हणून अशा गाण्याची समीक्षा एका शुद्ध पाठावर करता येत नाही. ती सर्व पाठांवर मिळून करावी लागते.

हे आपल्यालाही लागू आहे. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत, भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपल्याकडे गाण्यांचे केवढे तरी धन आहे. ती गाणी गावोगाव बदलत गेली, कॅसेटवर आली, तेव्हा पुन्हा बदलली. संग्रह करताना त्यांची भाषा 'सुधारण्याचा' आणि वेगळे पाठ टाकून देण्याचा मोह टाळला पाहिजे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रत्येक पाठ जसा ऐकला तसा लिहावा. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल टिपावे. एखाद्या शेतमजूर बाईने वाढवलेले कडवे चुकीचे म्हणून खोडले, तर तिच्या गावात कोणता फारो होता हे पुन्हा कधीच कळणार नाही.