बस्ता आणि काचेचा दरवाजा : ग्रामीण विक्रीदालनांच्या अंतर्गत रचनेची समीक्षा
(वारंगा फाटा परिसराच्या संदर्भात)

सारांश : ग्रामीण महाराष्ट्रात हमरस्त्यांच्या फाट्यांवर पारंपरिक दुकानांच्या जोडीने, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, काचेच्या दर्शनी भागाची विक्रीदालने उभी राहत आहेत. त्यांची अंतर्गत रचना महानगरी नमुन्यावरून घेतलेली असते. गादीचे दुकान आणि शोरूम या दोन रचनांमागील सामाजिक गृहीतके तपासून, स्थानिक ग्राहकाच्या दृष्टीने त्यांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी लग्नाच्या बस्त्याची खरेदी हा कसोटीचा प्रसंग मानला आहे.

बीजसंज्ञा : अंतर्गत रचना, विक्रीदालन, गादी, बस्ता, फाटा, ग्राहक.

प्रस्तावना

दुकानाच्या अंतर्गत रचनेचा विचार बहुधा दोन अंगांनी होतो. वाणिज्य विद्याशाखेत ती विक्रीवृद्धीचे साधन ठरते, तर सजावटीविषयीच्या लेखनात ती शोभेचा विषय होते. ही रचना दुकानात आलेल्या माणसाला कोणते स्थान देते, हा प्रश्न या दोन्ही अंगांत मागे पडतो. तो बसतो की उभा राहतो, वस्तू हातात घेतो की दुरून पाहतो, परवानगी मागतो की सहज आत शिरतो, हे सारे भिंती, फळ्या, दिवे आणि दरवाजे आधीच ठरवून टाकतात. म्हणून अंतर्गत रचना ही सामाजिक संबंधांची एक मांडणी आहे आणि तिची समीक्षा त्याच दृष्टीने होणे आवश्यक आहे.

१. फाटा : बाजाराचे एक वेगळे रूप

वारंगा फाटा हे ठिकाण हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात आहे. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ येथे एकत्र येतात. आखाडा बाळापूर, डोंगरकडा, अर्धापूर, हदगाव अशा गावांकडे जाणाऱ्या प्रवाशांची ये-जा या परिसरातून होते. परिसरात हळद आणि केळी ही महत्त्वाची नगदी पिके आहेत.

फाट्यावरचा बाजार पेठेहून वेगळा असतो. पेठ नियोजित किंवा परंपरेने घडलेली असते. याच महामार्ग ३६१ वरील लातूरची गंजगोलाई हे तिचे ठळक उदाहरण होय. निजामी राजवटीत १९१७ साली बांधलेल्या या वर्तुळाकार बाजाराच्या मध्यभागी अंबाबाईचे मंदिर असून भोवताली सोळा रस्ते फुटतात. अशा पेठेत येणारा माणूस खरेदीच्या हेतूने आलेला असतो. फाट्यावरचा माणूस मात्र मुळात प्रवासी असतो. तो गाडीची वाट पाहत असतो, त्याला सावली, पाणी आणि क्षणभर टेकायला जागा हवी असते. खरेदी त्यानंतर येते. म्हणून फाट्यावरील दुकानाच्या रचनेत पायरी, ओटा आणि पत्र्याची पडवी यांना विशेष महत्त्व होते. पडवी दुकानाची असली तरी सावली वाटसरूचीही असे. महामार्गांच्या रुंदीकरणात रस्त्यालगतच्या बांधकामांना मागे सरावे लागले की पहिला घाव पडतो तो या पडवीवरच. तिच्या जागी जे नवे दर्शनी रूप येते ते बहुधा काचेचे असते.

२. गादीची रचना आणि बस्ता

पारंपरिक कापड दुकानाचे केंद्र म्हणजे गादी. जमिनीपासून हात-दीड हात उंचीच्या बैठकीवर पांढरी चादर, मागे लोड-तक्के, एका कोपऱ्यात गल्ला आणि वही, भिंतींना कपड्यांच्या ठाणांनी भरलेल्या फळ्या, असे तिचे स्वरूप असते. गिऱ्हाईक चपला काढून गादीवर बसते. ‘दाखवा’ असे म्हणते. मग ठाण उलगडले जाते, पोत चिमटीत धरून पाहिला जातो आणि रंगाविषयी शंका आली तर कापड दाराशी, उजेडात नेले जाते.

या रचनेचे खरे सामर्थ्य बस्त्याच्या वेळी दिसते. लग्नाचा बस्ता ही दोन घरांची एकत्र खरेदी असते. वडीलधारी माणसे, मामा-मावश्या, नवरा-नवरी, कडेवरची मुले असा दहा-पंधरा जणांचा मेळा तीन-चार तास दुकानात असतो. कोणाला कोणता आहेर, कोणाच्या लुगड्याचा काठ कसा, यावर वाटाघाटी होतात. मानपान सांभाळला जातो, क्वचित रुसवेही निघतात. चहा होतो. गादी ही या सामूहिक निर्णयाची बैठक असते. सर्वांना सर्व कापड दिसते आणि बसल्या जागेवरून प्रत्येकाला बोलता येते. म्हाताऱ्या माणसाला भिंतीला पाठ टेकता येते. ही सोय कोणा रचनाकाराने कागदावर आखलेली नव्हती. ती व्यवहाराच्या गरजेतून सिद्ध झालेली होती.

३. शोरूमचे तत्त्व

शोरूमची कुळी वेगळी आहे. पॅरिसच्या ‘बॉन मार्शे’ या दुकानाला अरिस्तीद बुसिको यांनी १८५२ नंतर जे रूप दिले, त्यात मुक्त प्रवेश, ठरीव किंमत आणि मालाची आकर्षक मांडणी ही तत्त्वे होती. अशा दुकानाने शहरी जीवनात घडवलेला बदल एमिल झोला यांनी १८८३ च्या एका कादंबरीचा विषय केला. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा दुकान काढले आणि ग्राहकाच्या वाटेचा आराखडा हाच दुकानाचा आराखडा झाला. पुढे फिलिप कोटलर यांनी १९७३ च्या सुमारास दुकानातील प्रकाश, ध्वनी, गंध आणि स्पर्श यांच्या योजनेला विपणनाचे साधन म्हणून शास्त्रीय मांडणी दिली. पॅको अंडरहिल यांनी १९९९ च्या ‘व्हाय वुई बाय’ या ग्रंथात ग्राहकांच्या प्रत्यक्ष हालचालींच्या निरीक्षणावरून निष्कर्ष काढले.

महाराष्ट्रात हे वळण मुंबईमार्गे आले. १९९१ साली अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’ सुरू झाले आणि १९९९ साली हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ हा मॉल उघडला. तेथे सुरुवातीच्या गर्दीनंतर भ्रमणध्वनी किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून प्रवेशशुल्क घेण्याचा प्रयोग झाला होता. काचेच्या दरवाजात जो अर्थ सूचित असतो, तो त्या प्रयोगाने उघडपणे बोलून दाखवला. याउलट २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग बझार’ने मुद्दाम गजबजलेली, ढीग रचलेली मांडणी स्वीकारली. अतिस्वच्छ, मोकळ्या दुकानात सामान्य भारतीय ग्राहक बिचकतो, ही त्यामागची किशोर बियाणी यांची धारणा होती. हा उद्योग २०२२ मध्ये बंद पडला. तथापि अंतर्गत रचना ग्राहकाला आत घेऊ शकते तशी दारातच अडवूही शकते, हे त्याने ओळखले होते.

४. उसन्या रचनेचे परिणाम

महानगरी नमुना फाट्यावर येतो तेव्हा पुढील विसंगती निर्माण होतात.

अ) हवामान : मराठवाड्यात मे महिन्यात तापमान सहज ४० अंशांच्या पुढे जाते. हळद काढून, शिजवून, वाळवून ती बाजारात नेईपर्यंत उन्हाळा लागतो. हाती पैसा येतो तोही याच दिवसांत आणि लग्नसराईही हीच असते. म्हणजे फाट्यावरील मोठी खरेदी वर्षातील सर्वांत तापलेल्या दिवसांत होते. अशा वेळी पश्चिमाभिमुख सलग काच ऊन आत घेते आणि उष्णता कोंडून ठेवते. ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन लागते. वीज गेली की हे दालन पत्र्याच्या दुकानापेक्षाही असह्य होते. पडवीने जे काम विनाखर्च केले, ते काम काच खर्च करूनही करीत नाही. हैदराबादच्या पत्थरगट्टी बाजारातील दगडी कमानींनी पादचाऱ्याला सावली देण्याचा जो धडा घालून दिला, तो मराठवाड्याला भूगोलाने आणि इतिहासाने जवळचा होता.

आ) प्रकाश : दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे मोजण्याचे एक परिमाण आहे. त्याची कमाल मर्यादा १०० असून स्वस्त एलईडी दिव्यांत ते ८० च्या आसपास असते. त्यातही दिव्याच्या पिवळ्या वा निळसर छटेनुसार कापडाचा रंग वेगळा भासतो. बंदिस्त दालनात कापड दाराशी नेण्याची प्रथा उरत नाही. लाल म्हणून घेतलेले लुगडे घरच्या अंगणात विटकरी दिसले तर दोष कोणाचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. येथे प्रकाशयोजना सौंदर्याचा विषय न राहता प्रामाणिक व्यवहाराचा विषय होते.

इ) बसणे : शोरूममधील वाट एकट्या-दुकट्या, चालत्या ग्राहकासाठी आखलेली असते. बस्त्याचा मेळा त्या वाटेत मावत नाही. तो विखुरतो, वडीलधारी मंडळी दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर बसून राहतात आणि निर्णयातून बाहेर पडतात. अनेक मोठ्या वस्त्रदालनांनी खालच्या मजल्यावर शोरूम केले, तरी साड्यांच्या विभागात गादी कायम ठेवली आहे. व्यापाऱ्याला जे अनुभवाने उमगले, ते सजावटीच्या आराखड्याला अद्याप उमगलेले नाही. ग्राहकासोबत आलेल्यांना बसायला खुर्ची देण्याचे महत्त्व अंडरहिल यांनीही आवर्जून सांगितले आहे. हाच प्रश्न विक्रेत्यांचाही आहे. गादीवरचा नोकर निदान बसून माल दाखवी, शोरूममधील विक्रेती मात्र दिवसभर उभी असते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीसाठी कायद्यात दुरुस्ती केली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते.

ई) भाषा : दुकानांचे नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत असणे महाराष्ट्रात बंधनकारक असून २०२२ च्या दुरुस्तीने ही सक्ती लहान दुकानांनाही लागू झाली. परंतु मराठी बहुधा उंबरठ्यावरच थांबते. आत विभागांची नावे, सवलतीच्या अटी आणि माल परत घेण्याचे नियम इंग्रजीत असतात. ज्याला वाचता येत नाही त्याला विचारावे लागते, आणि विचारण्याचा संकोच दूर करणे हेच तर स्वयंसेवेचे प्रयोजन होते.

५. गादीची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून गादी निर्दोष होती असा ग्रह होऊ नये. गादीवर कोणी बसायचे आणि कोणी पायरीखाली उभे राहायचे, हे दीर्घकाळ जातीने ठरवले. दलित गिऱ्हाइकाला कापड दुरून दाखवण्याची, पैसे वरून टाकून घेण्याची रीत या समाजाने पाहिली आहे. ज्या चादरीची शुभ्रता रसिकतेने वर्णिली जाते, तीच कोणाला विटाळाची सीमा होती. गादीशेजारच्या वहीत उधारी होती आणि उधारीबरोबर मिंधेपणही होता. भाव माणूस पाहून सांगितला जाई. स्त्रियांना हवी ती वस्तू पुरुष विक्रेत्याकडे मागावी लागे आणि अनेकदा संकोचाने ती मागितलीच जात नसे.

या दृष्टीने शोरूमची ठरीव किंमत आणि उघडी फळी हे मोठे सामाजिक पाऊल आहे. वस्तूवर छापलेली किंमत जात विचारत नाही. स्वतःच्या हाताने वस्तू उचलून पाहण्याचा अधिकार सर्वांना सारखा मिळतो. अर्थात हा अधिकार पूर्णपणे परका आहे असेही नाही. आठवडी बाजारात पालाखाली मांडलेला माल गिऱ्हाईक उकिडवे बसून स्वतः निवडत आले आहे. स्वयंसेवेचे हे देशी रूप मेम्फिसच्या दुकानाहून कितीतरी जुने होय. शोरूमने स्पर्शाची मोकळीक दिली, पण तिच्यासमोर काचेचा बंद दरवाजा, गणवेशातील रखवालदार आणि गुळगुळीत फरशी उभी केली. शेतातून आलेला माणूस दारात चपला काढू की नको, या विचाराने थबकतो. गादीने काहींना खाली उभे केले. काचेच्या दरवाजाने त्या थबकण्याला नवे रूप दिले, आणि आता त्याचे कारण कोणी मोठ्याने सांगत नाही.

६. मूल्यमापनाचे निकष

वरील चर्चेवरून फाट्यावरील विक्रीदालनासाठी काही निकष सुचवता येतात. पहिला, दर्शनी भागात सावली असावी आणि ती ग्राहक नसलेल्यालाही मिळावी. दुसरा, कापड व रंग पाहण्यासाठी नैसर्गिक उजेडाची एक जागा राखून ठेवावी. तिसरा, दहा-पंधरा माणसांची एकत्र बैठक शक्य व्हावी आणि विक्रेत्यांनाही बसता यावे. चौथा, किंमत, विभाग व नियम मराठीत, ठळक अक्षरांत असावेत. पाचवा, प्रवेश सर्वांना सुलभ असावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ही अपेक्षा स्पष्टपणे मांडतो. उताराचे सर्वमान्य प्रमाण १ : १२ आहे. म्हणजे दोन फूट उंच जोत्याला चोवीस फूट लांबीचा उतार लागतो. फाट्यावरील अरुंद जागेत तो बसत नाही, म्हणून मुळात जोते बुटके ठेवणे हाच खरा उपाय ठरतो. सहावा, वाट पाहणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छतागृह असावे. शोभेच्या दिव्यांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत ही अपेक्षा मोठी नाही.

या निकषांपैकी एकालाही महागडी सामग्री लागत नाही. ती लागते आराखडा काढण्यापूर्वी ग्राहक कोण आहे हे पाहण्याची दृष्टी. वाणिज्य, गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील दुकानांची एकत्रित पाहणी केल्यास ही दृष्टी महाविद्यालयातच घडू शकेल.

समारोप

गादी आणि शोरूम यांपैकी एकाची निवड करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. गादीपासून बसण्याचा मान, सावली आणि खरा उजेड घ्यावा, आणि तो मान सर्वांना द्यावा. शोरूमपासून ठरीव किंमत आणि हाताळण्याची मोकळीक घ्यावी. वारंगा फाट्यासारख्या ठिकाणी हळदीच्या पैशातून मुलीचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब दारात न थबकता आत येऊ शकले, सर्वजण एकत्र बसू शकले आणि घेतलेला रंग घरीही तोच दिसला, तर त्या दालनाची अंतर्गत रचना यशस्वी झाली असे म्हणता येईल.